गंधपुऱ्याची थंडी

दोन दिवस झाले, मुलुंडला थंडी पडली आहे. पडली म्हणजे काय, पंखे बंद झाले आणि खालच्या वॉचमनने कानटोपी घातली, एवढंच. पण माझ्या उजव्या गुडघ्याला ती सगळ्यांच्या आधी कळली. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडले तर गुडघा आतल्या आत कुरकुरला. सुनेने ते पाहिलं. दुपारी तिने एक लहानशी निळी बाटली आणली, तळहातावर चार थेंब घेतले आणि माझ्यासमोर खाली बसत म्हणाली, "आई, पाय द्या इकडे. पाच मिनिटं चोळून देते. बघा, झकास वाटेल."

बाटली उघडल्याबरोबर वास आला. आधी निलगिरी, मग कापूर, आणि त्यांच्या मागून तो गोडसर, बोचरा, नाकातून थेट कपाळात चढणारा गंधपुऱ्याचा वास. मी पाय ओढून घेतला. इतक्या जोरात, की तिच्या हातातलं तेल फरशीवर सांडलं. पोर घाबरली. "दुखलं का हो?" म्हणाली. मी हो म्हटलं. काहीच दुखलं नव्हतं.

थंडी म्हटलं की लोकांना काय काय आठवतं. कुणाला शेकोटी, कुणाला बोरं, कुणाला गावचा हुरडा. मला एकच थंडी आठवते, आणि तिला या तेलाचा वास आहे.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मुलुंड तेव्हा मुंबईत होतं की नव्हतं, हे आम्हालाच नीट ठाऊक नव्हतं. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला मिठागरं, मधे चौकोनी आखलेले रस्ते आणि त्यांवर बैठी घरं. डिसेंबर लागला की डोंगरावरून सकाळी धुकं उतरायचं, आणि आठ वाजेपर्यंत समोरच्या घराचं फाटक दिसायचं नाही. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, फोर्टात एका कचेरीत हेडक्लार्क होते. मफलर गुंडाळून ते त्या धुक्यात शिरायचे आणि चार पावलांत नाहीसे व्हायचे. घरात आई, मी, आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठी इंदूताई.

ताईचं लग्न ठरलं होतं. दादरचं स्थळ, मुलगा बँकेत. माघातला मुहूर्त धरला होता. ताई दिसायला देखणी नव्हती, पण चालायची सुंदर. पाठ ताठ, मान सरळ. पाण्याची घागर कमरेवर असली तरी पावलाचा आवाज नाही. तिच्या होणाऱ्या सासूबाई तिला पाहायला आल्या तेव्हा तेच म्हणाल्या होत्या, "मुलीची चाल छान आहे."

आणि त्याच चालीत काहीतरी बिघडलं होतं. नवरात्राच्या सुमारास ताई म्हणायला लागली, डावा गुडघा धरतो. दिवाळीत स्टेशनचा जिना चढताना ती कठड्याला हात लावू लागली. दिवाळीनंतर गुडघा सुजला. लाल नाही, गरम-गरम नाही, नुसताच फुगलेला, कणकेच्या गोळ्यासारखा पांढरट. आईने विचारलं, "कुठे पडलीस का?" ताईने आठवून आठवून सांगितलं, की गणपतीत आरास करताना स्टुलावरून पाय सरकला होता. झालं. सगळ्यांना हायसं वाटलं. मुरगळलाय. चोळला की बरा होईल.

चोळायला चंद्रामावशीला बोलावलं.

आमच्या भागात तिला कोण ओळखत नव्हतं! मालवणकडची बाई, पन्नाशीच्या आत-बाहेरची. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर ती भांडुपला भावाजवळ येऊन राहिली होती. तिथून चालत मुलुंडला यायची. बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावणं, कुणाची कंबर, कुणाचा खांदा, कुणाची लचक. गुजराती शेठाणींपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळ्यांची अंगं तिच्या हाताखालून गेलेली. उंच, हाडकुळी, आणि हात मात्र तिच्या देहाला न शोभणारे, रुंद, मऊ, नेहमी कोमट.

ती तेल घरी काढायची. निर्गुंडीचा पाला ठेचून तिळाच्या तेलात उकळायचा, त्यात ओवा, लसणीच्या पाकळ्या, शेवटी खाली उतरवल्यावर कापूर. ते तेल हिरवट काळं दिसायचं. विकतच्या बाटल्यांतलं गंधपुऱ्याचं किंवा निलगिरीचं तेल ती थेंब-दोन थेंबच घालायची. "ह्या तेल तिखट असता," ती सांगायची, "जास्त झाला तर कातडी जाळता."

मला तिचं काम बघत बसायला आवडायचं. ती आधी शेगडीजवळ हात शेकायची. मग तेल लावायच्या अगोदर नुसता कोरडा हात दुखऱ्या जागी ठेवून डोळे मिटून बसायची. खूप वेळ. मी विचारलं, "मावशी, मंत्र म्हणतेस का गं?" ती हसली. "मंत्र कसलो! हात आधी ठेवचो, मगे फिरवचो. आत काय चाललाहा, ता आधी ऐकूचा."

मला तिने हात धरून शिकवलं. अंगठा हाडावर द्यायचा नाही, हाडाच्या कडेने न्यायचा. खालून वर चोळायचं, वरून खाली नाही. जिथे दुखतं तिथून लांब सुरुवात करायची. "तुझो हात बरो आसा गो," ती म्हणाली. तेरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय हवं असतं! शाळेत माझं गणित कच्चं, गाणं बेसूर, शिवणात टाके वाकडे. माझ्याकडे काहीतरी बरं आहे असं मला पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं.

चार दिवस ती आली. संध्याकाळी दिवा लागला की स्वयंपाकघरात घोंगडी अंथरायची, ताईने पाय लांब करायचा, आईने शेगडी सरकवायची. पहिल्या दिवशी मावशी बोलत होती. दुसऱ्या दिवशी कमी बोलली. तिसऱ्या दिवशी तिने ताईची उजवी मांडी एका हाताने आणि डावी दुसऱ्या हाताने धरून पाहिली, पुन्हा पुन्हा, भाजीवालीकडे दोन दुधी तोलून बघावेत तशी. चौथ्या दिवशी तेलाची वाटी तिने उघडलीच नाही. ताईच्या गुडघ्यावर कोरडा हात ठेवून बसली आणि विचारलं, "इंदू, सांजच्या वक्ताक अंगात कसर येता? भूक लागता?"

ताई म्हणाली, "कणकण येते थोडी. भूक नाही लागत. लग्नाची धास्ती असेल."

मावशीने ताईच्या पायावर पातळ खाली ओढलं आणि ती आईकडे वळली. "वयनी, ह्या मुरगळलेला न्हय. हेका माझा तेल नको, डागदर होयो. मांडी सुकत चालली, आणि गुडघो फुगता. असलो गुडघो मी आधी एकदा बघलंय. त्येका चोळूचा नसता."

"असला म्हणजे कसला?" आईने विचारलं.

मावशीने तो शब्द उच्चारला नाही. फक्त छातीवर हात ठेवला आणि दोनदा खोकल्यासारखं केलं. आईचा चेहरा पांढरा पडला. क्षय. त्या काळी हा शब्द घरात उच्चारत नसत. आणि क्षय म्हणजे छातीचा, एवढंच आम्हाला माहीत. तो गुडघ्यात जाऊन बसतो हे कुणाच्या गावी नव्हतं.

दादा घरी आले तेव्हा मावशी थांबलेलीच होती. मफलर काढता काढता त्यांनी सगळं ऐकलं. दादा वाईट माणूस नव्हते. हे मी इतक्यांदा स्वतःला सांगितलं आहे, की आता त्याचा अर्थच उरलेला नाही. ते घाबरले होते. माघातलं लग्न, ठरलेलं स्थळ, पाठीवर अजून एक मुलगी. डॉक्टरकडे जायचं म्हणजे गावात कळणार, दादरला कळणार, आणि एकदा तो शब्द घराला चिकटला की दोन्ही मुली घरात राहणार.

"बाई, तुम्ही तेल लावायला येता," दादा म्हणाले. "तेवढंच करा. निदान करू नका."

"दादानु, मी अडाणी बाय आसंय. पण हाडा माझ्या हाताक कळतत. चेडवाच्या पायाक आता कोणी हात लावू नका. उद्या डागदराकडे न्या."

"आणि बाहेर तुम्ही हेच बोलत सुटणार?"

मावशी उठली. "मी चार घरातली अंगा बघतंय," ती म्हणाली. "एकाच्या घरातला दुसऱ्या घरात नेण्याची माका सवय नाय."

"उद्यापासून येऊ नका," दादा म्हणाले.

ती दारात चपला घालताना माझ्याकडे वळली. मला वाटलं ती काही सांगेल. तिने फक्त मान हलवली, नको अशी. ती कशाला नको म्हणत होती, ते मला कळलं होतं. हे मी लिहून ठेवते, कारण नंतर इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी लहान होते, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा कचेरीतून येताना गंधपुऱ्याच्या तेलाच्या तीन बाटल्या घेऊन आले. मला हाक मारून म्हणाले, "कुंदे, तू बघितलंयस ना ती कशी चोळते ते? आजपासून तू चोळायचंस."

आणि मी चोळलं.

मार्गशीर्ष संपला, पौष लागला. रोज संध्याकाळी घोंगडी, शेगडी, आणि ती बाटली. थेंब-दोन थेंब नाही, ओंजळभर. दादा कपडे न बदलता समोर पाटावर बसायचे. "जोर लाव. अशानं काय होणार? सूज फोडून काढायची असते." मी गुडघे टेकून दोन्ही अंगठ्यांनी रगडायची. अंगठे हाडावर द्यायचे नाहीत हे मला शिकवलं होतं, आणि मी हाडावरच देत होते. ताईने खिडकीचे गज घट्ट पकडलेले असायचे. ती ओरडायची नाही. शेजारी ऐकू जाईल म्हणून. फक्त मधूनमधून म्हणायची, "कुंदे, हळू गं. हळू ना."

मी दादांकडे बघायची. दादा म्हणायचे, "थोडं सोस, इंदू. तुझ्याच भल्याचं आहे." आणि मी पुन्हा जोर लावायची.

आता सगळ्यात कडू गोष्ट सांगते. मला ते आवडत होतं. ताईला दुखत होतं ते नाही. पण दादा समोर बसले आहेत, माझ्याकडे बघताहेत, चोळून झालं की "शाबास" म्हणताहेत, हे मला आवडत होतं. जन्मात ते माझ्याजवळ इतका वेळ कधी बसले नव्हते. मी सगळ्या घराला वाचवते आहे असं मला वाटत होतं. संध्याकाळ व्हायची मी वाट बघायची.

ताईच्या गुडघ्याची कातडी आठवड्याभरात सोलवटली. आईने त्यावर तूप लावलं आणि दोन दिवस खाडा पडला. मग पुन्हा सुरू. दादरच्या सासूबाई तिळगूळ घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या येण्याआधीच ताईला पाटावर बसवून ठेवलं, म्हणजे चालायला नको. त्यांनी तिला हलव्याचे दागिने घातले. ताई हसली, वाकून नमस्कार करायला उठू लागली, आणि आईने घाईघाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे, बसूनच कर. कालपासून पाठ धरलीय तिची."  पण निघताना सासूबाई फाटकाशी थांबून मागे वळून बघत होत्या, ते मी पाहिलं.

लग्नाला बारा दिवस उरले असताना ताई सकाळी उठली आणि पायावर उभीच राहू शकली नाही. गुडघा वाकलेल्या स्थितीत अडकला होता. अंगात ताप. मग डॉक्टर आले. आमच्या रस्त्यावरचे डॉक्टर एक मिनिट गुडघा बघून म्हणाले, की आत्ताच्या आत्ता शहरात मोठ्या इस्पितळात न्या.

इस्पितळात हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. फोटो खिडकीसमोर धरून त्यांनी दादांना दाखवला. मी मागे आईचा पदर धरून उभी होते. सांध्याची जागा, जिथे दोन हाडांमधे स्वच्छ फट दिसायला हवी, तिथे सगळं पुसट झालं होतं, पाटीवरची अक्षरं ओल्या फडक्याने पुसावीत तसं.

"सांध्याचा क्षय आहे," डॉक्टर म्हणाले. "आता यावर औषधं निघालीत, मुलगी जगेल. पण सांधा गेला. असल्या गुडघ्याला पूर्ण विश्रांती द्यायची असते, आणि ही कातडी सांगतेय की हा कोणीतरी रोज रगडलाय. कोणी चोळला?"

मी हात पाठीमागे घेतले. तरीही अंगठ्यांना तेलाचा वास येत होता, मला तो तिथे उभ्याने येत होता.

दादा म्हणाले, "एक बाई यायची चोळायला. अडाणी बाई. आता काय बोलायचं!"

बघायला गेलं तर त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. बाई यायची. चोळायला यायची. अडाणी होती. उरलेलं डॉक्टरांनी स्वतःच जोडून घेतलं. "या बायकांना तुरुंगात टाकायला हवं," ते म्हणाले. दादा गप्प राहिले. आई गप्प राहिली. मीही.

ते वाक्य घरी आमच्या आधी पोचलं असावं. आठ दिवसांत सगळ्या रस्त्याला माहीत झालं, की चंद्राबाईने रगडून रगडून इंदूचा पाय घालवला. दादरचं लग्न मोडलं. त्यांनी निरोप पाठवला तोही सौम्य शब्दांत, की असं घडलं त्याला तुमचा काय दोष! दोषाला जागा मिळाली होती ना. दादांना रस्त्यात थांबवून लोक हळहळायचे. आणि मावशीसाठी एकेक दार बंद होत गेलं. ज्या बाईंच्या चार मुलांना तिने न्हाऊमाखू घातलं होतं, त्यांनीही तिला ओट्यावरूनच सांगितलं, की आता नको.

फाल्गुनात एका दुपारी ती आमच्या दारात आली. ताई इस्पितळात, दादा कचेरीत. आईने खिडकीतून पाहिलं आणि कडी लावून ती आतल्या खोलीत जाऊन बसली. मी खिडकीशी होते. मावशी अंगणात उभी राहिली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत.

"वयनी, माझ्या नावान तुम्ही काय सांगितलात?" ती म्हणाली. "येक डाव भायर येवन माझ्या तोंडावर सांगा."

 मग तिला मी दिसले.

"चेडवा, तू होतंस मा थंय? मी काय म्हटला होता ता तू आयकलंस. तू सांग. भायर ये, आणि शेजाऱ्यांका सांग."

शेजारच्या ओट्यावर दोन बायका येऊन उभ्या होत्या. मला फक्त दार उघडायचं होतं. मी खिडकी लावून घेतली. लाकडी झडपा होत्या, एक लागेना, ती मी ओढून, दाबून लावली. झडपांच्या फटीतून तिच्या पायांवरचं ऊन दिसत होतं. बराच वेळ ते पाय तिथेच होते. मग गेले.

ताई दीड वर्ष आरोग्यधामात होती. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. तिथून परत आली तेव्हा ती वीस वर्षांची होती, आणि डावा पाय काठीसारखा सरळ, कायमचा. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "चंद्रामावशी येत नाही का गं हल्ली?"

आई म्हणाली, "ती गेली गावाला."

ताईने पुढे विचारलं नाही. तिने हाताने चालवायचं शिवणयंत्र घेतलं, कारण पायाचं तिला चालवता येईना. रस्त्यातल्या निम्म्या मुलींच्या परकर-पोलक्यांना तिचे टाके होते. लग्नाचं कुणी काढलं नाही. माझं लग्न मात्र झालं, चांगल्या घरात, त्याच गावात दोन रस्ते पलीकडे. मला पहिला मुलगा झाला आणि मी त्याला माहेरच्या अंगणात पायांवर पालथं घेऊन तेल लावायला बसले, तेव्हा ताई यंत्र थांबवून उठली आणि आत गेली. दर वेळी जायची. मला वाटायचं तिला मूल नाही म्हणून. पुढे एकदा मला नीट दिसलं. ती बाळाकडे बघतच नव्हती, माझ्या अंगठ्यांकडे बघत होती.

आणि दादा. म्हातारपणी त्यांची पाठ धरली. मी माहेरी गेले की म्हणायचे, "कुंदे, जरा चोळून दे गं. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही." मी चोळून द्यायची. हाडाच्या कडेकडेने, खालून वर, अगदी हळुवार. जसं करायला मला शिकवलं होतं तसं. दादा डोळे मिटून सुखाने कण्हायचे. त्यांची पाठ माझ्या हाताखाली असताना मला एकदाही राग आला नाही. याचंच आता नवल वाटतं.

माझ्या लग्नाआधी दोन वर्षं मी भांडुपच्या एका शाळेत शिकवत होते. शाळेच्या वाटेवर बैठ्या घरांची ओळ होती. एका सकाळी एका दाराशी मावशी सुकट निवडत बसलेली दिसली. केस सगळे पांढरे. मी रोज मान खाली घालून पुढे जात राहिले, महिनाभर. मग एके दिवशी थांबले. तिने मला लगेच ओळखलं. बस म्हणाली नाही. पहिला प्रश्न तिने विचारला तो असा, "तिच्या पायाचा काय झाला?"

"ताठ राहिला," मी म्हटलं. "वाकत नाही."

तिने सुकटीचं सूप बाजूला ठेवलं. मी घाईघाईने बोलत सुटले. की दादांनीच तुझं नाव पुढे केलं, की पाय मी चोळला, दीड महिना चोळला, की तू नको म्हणाली होतीस ते मला कळलं होतं, की त्या दिवशी खिडकी मी लावली. बोलताना मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटायला लागलं.

मावशी ऐकत होती. तिचे हात मांडीवर होते, बाटल्या धुवायच्या कारखान्यात काम करून चिरा पडलेले. माझं संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "ह्या सगळा तू माका कित्या सांगतंस? माका ठावक आसा. ज्यांका ठावक नाय, त्यांका सांग जा."

तिने सूप पुन्हा पुढे ओढलं. मी थोडा वेळ उभी राहिले, मग शाळेला उशीर होतो म्हणून निघाले. पुढच्या महिन्यापासून मी दुसऱ्या वाटेने जायला लागले.

मी कुणालाही सांगितलं नाही. आधी दादांचं नाव जाईल म्हणून, मग सासरी काय वाटेल म्हणून, मग आई आजारी होती म्हणून. मावशी कधी वारली तेही मला कळलं नाही. तिच्याबद्दल मुलुंडात ज्यांना काही आठवत होतं, त्यांना तेवढंच आठवत होतं.

दादा गेले. तेराव्याच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. मी चहाचे कप गोळा करत होते. ताई भिंतीशी बसली होती, डावा पाय समोर पसरून, त्यावर पदर घेऊन. पलीकडच्या घरातल्या काकू, आता नव्वदीला टेकलेल्या, दादांच्या आठवणी सांगत होत्या. किती साधा माणूस, किती सोसलं त्याने. "त्या मेल्या तेलवालीने पोरीचा पाय घालवला, पण या माणसाने तिच्याविरुद्ध कधी पोलिसात तक्रार केली नाही हो. देवमाणूस."

बायका चुकचुकल्या.

ताई म्हणाली, "काकू, चंद्रामावशीने माझा पाय घालवला नाही."

खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. ताईचा आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "तिने चौथ्या दिवशी हात काढून घेतला होता. डॉक्टरकडे न्या म्हणाली होती. दादांनी नाही नेलं." मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सरळ. "कुंदाला विचारा. तिला सगळं माहीत आहे."

सगळ्या बायकांची तोंडं माझ्याकडे वळली. माझ्या हातात कपांची चळत होती. समोर दादांचा हार घातलेला फोटो, माझी सून, माझे जावई, काकूंचा सुरकुतलेला, वाट बघणारा चेहरा. एवढंच म्हणायचं होतं, की हो, खरं आहे, पाय मी चोळला. पाच-सहा शब्द. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यातली एक तरी अजून जिवंत होती, आणि समोर बसली होती.

"ताई," मी म्हटलं, "आता कशाला गं ते सगळं?"

काकूंनी मान डोलावली. "हो ना. दुःखात माणूस काहीबाही बोलतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ताईच्या पाठीवरून हात फिरवला.

ताईने तो हात बाजूला केला. भिंतीला धरून, ताठ पाय जमिनीवरून ओढत ती उठली. कुणीतरी आधाराला पुढे झालं, त्याला तिने नको म्हटलं. माझ्या शेजारून जाताना ती थांबली नाही. तिच्या पायाचा फरशीवर घासण्याचा आवाज आतल्या खोलीपर्यंत ऐकू येत राहिला, मग दार लागलं, आणि बायकांनी पुन्हा बोलायला सुरुवात केली.